वीज कंपनीला क्वांटमचं काय काम? चॅटनूगाबद्दल माझं उत्तर

टेनेसीतल्या चॅटनूगाची ईपीबी ही वीजपुरवठा करणारी संस्था तिथल्या विद्यापीठाला धरून क्वांटममध्ये कशी काय उतरली, आणि तिथे शिकायला निघालेल्या तुमच्या मुलीला त्याचा काय उपयोग, असं तुम्ही विचारलंय. माझी बरीच वर्षं ऑप्टिकल फायबरच्या कामात गेली, म्हणून मी केबलच्या बाजूनेच सांगतो.

ईपीबी शहराच्या मालकीची आहे. २००९ मध्ये तिला अमेरिकी सरकारकडून स्मार्ट ग्रिडसाठी सुमारे ११ कोटी डॉलरचं अनुदान मिळालं. फांदी पडून तार तुटली तर स्विचांनी आपसांत बोलून तेवढाच तुकडा बाजूला काढावा आणि बाकीच्यांची वीज चालू राहावी, हा हेतू. स्विच बोलायचे तर फायबर हवी. ती सगळ्या भागात पोचली आणि २०१० मध्ये त्याच फायबरवरून घरोघरी एक गिगाबिटचं इंटरनेट मिळायला लागलं. २०२२ मध्ये जाहीर झालेलं क्वांटम नेटवर्क, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर माहिती ठेवून पाठवणारं जाळं, याच पायावर उभं आहे. टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा संकुलात त्याचा एक नोड (जोडणीचं ठिकाण) आहे.

आता विद्यापीठाला यात काय मिळतं? माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट इथेच आहे. प्रयोगशाळेत फायबर रिळावर गुंडाळलेली असते, खोलीचं तापमान ठरलेलं असतं. शहरातली फायबर उन्हात तापते, रात्री गार होते, खांबावर असेल तर वाऱ्याने हलते. या प्रत्येक ताणाने आतून जाणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (त्याच्या लहरीच्या कंपनाची दिशा) फिरतं. नेहमीच्या इंटरनेटला त्याचा फारसा त्रास होत नाही. पण माहिती जर एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणाच्या, ध्रुवीकरणातच ठेवली असेल, तर पलीकडे चुकीचं वाचलं जातं. मग काम थांबवायचं, सगळं पुन्हा जुळवायचं, आणि तासाभरात परत तेच. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा, ईपीबी आणि हे विद्यापीठ यांनी मिळून यावर उपाय करून पाहिला: सोबत संदर्भासाठी लेसरचा संकेत पाठवायचा, तो किती फिरला ते सतत मोजायचं आणि सिग्नल न थांबवता दुरुस्ती करत राहायची. तीस तासांहून जास्त वेळ एकदाही खंड पडला नाही. ज्याने रात्री-अपरात्री लाइनवरचा लॉस (प्रकाश कुठे कमी होतो ते) शोधत फिरून पाहिलंय, त्याला या तीस तासांची किंमत कळेल. मला तरी ते वाचून फार आनंद झाला.

कंपनीचा फायदाही खरा आहे. सबस्टेशनला येणारा 'ब्रेकर उघड' हा हुकूम खरोखर कंट्रोल रूममधूनच आलाय की कुणी घुसखोराने पाठवलाय, हे ओळखण्यासाठी गुप्त किल्ली (फक्त दोन्ही टोकांना माहीत असलेला आकडा) लागते. क्वांटम पद्धतीने किल्ली वाटताना कुणी मधे कान लावला तर चुका वाढतात आणि ते उघड होतं.

पण भुलूनही जाऊ नका. चांगल्या फायबरमध्येही ५० किलोमीटरला जेमतेम एक दशांश फोटॉन पोचतात, आणि एकट्या फोटॉनची हुबेहूब नक्कल करता येत नसल्याने नेहमीचा अॅम्प्लिफायर लावून भागत नाही. शिवाय क्वांटम संगणकालाही दाद देणार नाहीत अशा, संदेश सुरक्षित ठेवण्याच्या गणिती पद्धतींची मानकं अमेरिकेत २०२४ मध्ये आली आहेत. ती आहे त्याच यंत्रणेवर चालतात आणि बहुतेक ठिकाणी तीच पुरतील असं मला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये ईपीबीने आयनक्यू या क्वांटम संगणक बनवणाऱ्या कंपनीबरोबर २.२ कोटी डॉलरचा करार जाहीर केला, त्यात क्वांटम संगणकही आहे. ग्रिडची आकडेमोड त्यावर करून बघणं योग्यच, पण तो आजच्या संगणकांना लगेच मागे टाकेल असं धरून मुलीने विषय निवडू नये.

तिने रेषीय बीजगणित आणि प्रकाशशास्त्र पक्कं करावं. जोडीला फायबर स्प्लाइस करणं (दोन टोकं जोडणं) आणि ओटीडीआरचा, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश कुठे कमी होतो ते दाखवणाऱ्या यंत्राचा, आलेख वाचणं स्वतःच्या हाताने शिकावं. दोन्ही बाजू येणारी माणसं फार थोडी आहेत. प्रवेश घेण्याआधी विभागाला पत्र लिहून दोन गोष्टी विचारा: एमएसच्या विद्यार्थ्यांना नोडवर स्वतः काम करायला मिळतं का, की ते फक्त संशोधकांसाठी आहे? आणि ईपीबीच्या इंजिनिअरांबरोबर प्रकल्प करता येतो का? काय उत्तर येतं ते इथे कळवा, मग विषयांची यादी एकत्र बसून बघू.