आयसीयूतच तोंड पुसायला लावतात, एवढी घाई कशाला?

प्रश्न: बाबांना स्ट्रोक आलाय, डावी बाजू गेलीय, इथेच नाशिकला न्यूरो आयसीयूत आहेत. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे) ओला रुमाल देऊन तोंड पुसायला लावतात. एवढी घाई का? – एक वाचक, सिडको

उत्तर: ताई, काळजी कळतेय, पण तोंड पुसणं हीच थेरपी आहे, त्यात हात, नजर, लक्ष सगळं एकदम कामाला लागतं आणि नुसतं पडून राहिलं की सांधे आखडतात. किती करायचं ते बीपी आणि मॉनिटर बघूनच ठरतं, कारण २०१५ च्या अवर्ट (AVERT) नावाच्या अभ्यासात स्ट्रोकनंतर २४ तासांच्या आत वारंवार अंथरुणातून उठवलेल्या पेशंटची सुधारणा उलट कमी दिसली. कूस बदलताना त्यांचा डावा हात धरून अजिबात ओढू नका, खांदा सरकतो! हाताखाली उशी ठेवा, कुठे ते थेरपिस्टलाच दाखवायला सांगा.