पडलेल्या बेहड्याचं पान

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. देवरहाटीतला, तुमच्या गावच्या देवराईतला, बेहडा गेला हे वाचलं आणि पत्र हातात धरून तसाच पडवीत बसून राहिलो. गेल्या मे महिन्यात आपण दोघांनी त्याला टेप लावली होती. तू पलीकडून वळसा घालून येईपर्यंत मला तुझा नुसता आवाज ऐकू येत होता, मधे सगळं खोडच. तेच खोड आता पऱ्ह्याच्या, त्या ओढ्याच्या, अंगाला आडवं पडलंय म्हणतेस.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, "सर, यादीत दुसऱ्या नंबरचा बेहडा आता वर घेऊ का? आणि पहिल्याचं पान काढून टाकू का?"

वर घे. पान मात्र काढू नकोस.

मोठ्या झाडांच्या याद्या मी आयुष्यभर केल्या आणि वाचल्या. त्यात एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. यादीतला पहिला नंबर कधीच रिकामा राहत नाही. अमेरिकेत १९४० पासून प्रत्येक जातीच्या सर्वांत मोठ्या झाडाची देशभरची नोंद ठेवतात. घेर जितके इंच तितके गुण, उंची जितके फूट तितके गुण, आणि डेऱ्याच्या विस्ताराचे फूट मोजून त्यांचा पाव हिस्सा, अशी बेरीज. मेरीलँड राज्यात वाय मिल्स गावी एक पांढरा ओक होता. घेर ३१ फूट १० इंच, उंची ९६ फूट. राज्य सरकारने १९३९ साली तो जमिनीसकट विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी नोंद सुरू झाली तेव्हा त्या जातीत पहिला तोच आला. ६ जून २००२ च्या वादळात तो पडला. मग काय झालं? त्याच्याहून लहान असलेला दुसरा कुठला तरी ओक "सर्वांत मोठा" झाला. मान तोच, झाड मात्र आधीच्यापेक्षा कमी. हे असं चार वेळा झालं आणि मागची पानं कुणी ठेवली नाहीत, तर नंतर येणाऱ्याला वाटेल की या जातीचं झाड एवढंच वाढतं. तुझ्या तालुक्यातला दुसरा बेहडा पहिल्याच्या निम्म्यालाही पुरत नाही हे तूच लिहिलंयस. अजून वीस वर्षांनी एखादी मुलगी त्याच्यासमोर उभी राहून म्हणेल, "केवढा हा बेहडा!" तिला खरं सांगायला तुझं ते एक पान तेवढं असेल.

आफ्रिकेतल्या गोरखचिंचांचं बघ. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठ्या ६ झाडांपैकी ५ आणि सर्वांत वयस्कर १३ पैकी ९ झाडं जेमतेम बारा वर्षांत एकतर मेली किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडं कोसळली. हवामानबदलाचा त्यात हात असावा असा त्या संशोधकांचा कयास आहे, पक्कं सांगायला आणखी काम हवं असंही तेच म्हणतात. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. ते २००५ पासून ही झाडं मोजत, त्यांची वयं काढत हिंडत होते म्हणून हे मरण दिसलं. नाहीतर एकेक झाड आपापल्या माळावर गेलं असतं आणि बेरीज कुणी केलीच नसती.

आता आपल्याकडचं सांगतो. आमच्या सातारा जिल्ह्यात वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसवे गाव आहे. तिथला वड १८८२ साली ली-वॉर्नर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मोजला. सावलीचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट, पूर्वपश्चिम रुंदी ४४२ फूट. मी हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा विश्वास बसेना. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ५९५ बाय ४४२ ची लांबट वर्तुळाकार आकृती धरली तर तिचा घेर १६३८ फुटांच्या आसपास येतो. त्याने लिहिलेला १५८७. शंभरात तीनाचा फरक, आणि वडाची कड काही परकाराने आखलेली नसते. म्हणजे माणसाने तीन मापं वेगवेगळी, खरोखर चालून घेतलेली आहेत. क्षेत्रफळ काढलं तर पावणेपाच एकराच्या जवळ जातं. हावड्याच्या बागेतला जगप्रसिद्ध वड आज जेवढी जमीन व्यापतो, जवळपास तेवढं.

पोरी, त्याने नुसतं "प्रचंड मोठा वड" असं लिहिलं असतं तर मला काय कळलं असतं? एका आकड्यावर थांबला असता तरी मी तो तपासू शकलो नसतो. तीन आकडे एकमेकांना साक्ष देतात. म्हणून तुला प्रत्येक झाडाची निदान तीन मापं घ्यायला लावतो आणि तू मनातल्या मनात कुरकुरतेस, ते मला दिसतं.

माझ्या हातून हे नीट झालं नव्हतं. कृष्णाकाठचा एक अर्जुन मी १९८९ साली मोजला आणि वहीत लिहिलं, "घेर ६.५० मीटर." बस्स. सहा वर्षांनी परत गेलो, पुन्हा मोजला, ६.१० भरला. जितंजागतं झाड चाळीस सेंटिमीटरने कसं बारीक होईल? पहिल्या वेळी टेप मुळांच्या फुगवट्यावर पडली असणार, किंवा मागच्या बाजूला घसरली असणार. कुठल्या उंचीवर लावली होती ते लिहिलेलंच नाही. त्या पावसाळ्यात नदीने काठ खाल्ला आणि अर्जुन वाहून गेला. सहा वर्षांत तो किती वाढला हे सांगणारं या जगात आता काहीही नाही, आणि ते माझ्यामुळे. ही खंत अजून गेलेली नाही.

तेव्हा टेप जमिनीपासून १.३७ मीटरवर, उतार असेल तर वरच्या अंगाने मोजून. बेहड्यासारखी आधारमुळं, म्हणजे बुंध्यातून फळीसारखी बाहेर आलेली मुळं, असतील तर त्यांच्या वर लाव आणि ती उंची लिही. महिना लिही, गोरखचिंच तर पाणी साठवून पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वेली, वाळवीची माती टेपखालून काढ. उंचीसाठी काठीची युक्ती चालते, पण डेरेदार झाडाला जपून. खालून जो शेंडा वाटतो ती पुष्कळदा आपल्याकडे झुकलेली फांदी असते आणि झाड आहे त्याहून उंच भरतं.

वडाला घेर विचारू नकोस. पारंब्या जमिनीला टेकून खोडं होतात, ती एकमेकांत मिसळतात, मूळ खोड कुठलं तेच कळत नाही. हावड्याच्या वडाचं मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ साली काढून टाकलं, तरी झाड पसरतंच आहे. वडाच्या सावलीची कड मोज आणि जमिनीत गेलेल्या पारंब्या मोज.

वय तर लिहूच नकोस. लोक चारशे वर्षं सांगतात, पाचशे सांगतात, पांडवांच्या काळातलं सांगतात. ऐकून घे, वेगळ्या रकान्यात "गावकरी म्हणतात" असं लिही. सागाला वर्षाचं एक अशी स्पष्ट वलयं दिसतात. वडाला, बेहड्याला तशी भरवशाची नसतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर शहरी भागातल्या आपल्या वृक्षकायद्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हटलंय, म्हणून वयाचा प्रश्न तुला कार्यालयात विचारतील. तेव्हा घेराच्या जुन्या-नव्या नोंदी पुढे कर. दोन तारखांचे दोन घेर हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा.

नोंद केली म्हणजे झाड वाचलं असंही धरून चालू नकोस. मिरज तालुक्यातल्या भोशाचा वड तुला आठवत असेल. रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० साली लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली. २०२२ च्या जूनमध्ये तो कोसळलाच. लोक उभे राहिले ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्या वडाला दोन पावसाळे जास्त मिळाले.

आणि कधी कधी आपली नोंदच झाडाच्या मुळावर येते. कॅलिफोर्नियातलं हायपेरियन हे जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड, ११५ मीटरच्या वर. २००६ साली सापडलं, जागा गुप्त ठेवली, तरी ती फुटली. लोकांच्या पायांनी बुंध्याभोवतीची माती दबली, नेचे मेले, शेवटी २०२२ मध्ये त्या भागात जायलाच बंदी घातली. आपल्याकडे बंदीची वेळ येत नाही, आपण प्रेमाने मारतो. मी एका चिंचेबद्दल कौतुकाने वर्तमानपत्रात लिहिलं होतं. वर्षभरात गावाने वर्गणी काढून तिच्याभोवती सिमेंटचा पार बांधला, वर फरशी, अगदी खोडाला भिडवून. मुळांना ना हवा ना पाणी. चौथ्या वर्षी शेंडा वाळला. त्या लोकांच्या मनात चांगलंच होतं. तेव्हापासून मी आधी गावात बसतो, मातीचा पार मातीचाच ठेवा म्हणून विनवतो, आणि मगच जागेचं नाव छापतो. कधी छापतही नाही.

आता तुझ्या बेहड्याकडे येऊ. झाड उभं असताना जे मोजता येत नाही ते पडल्यावर येतं, आणि हे दिवस थोडे असतात. आधी त्याची खरी लांबी टेपने घे, बुंध्यापासून शेंड्याच्या शेवटच्या काडीपर्यंत. मे महिन्यात काठीने काढलेली उंची किती चुकली ते कळेल आणि तीच चूक बाकीच्या झाडांतही शोधता येईल. मग उपटलेल्या मुळांचा गड्डा बघ. कुठल्या अंगाची मुळं ताजी तुटलीत, कुठली आधीच काळी, भुसभुशीत झाली होती? पऱ्ह्याकडची असतील तर पाण्याने माती नेली असेल. वरच्या अंगाची असतील तर मागच्या वर्षी तिथून जो रस्ता खोदला त्याकडे बोट जातं. पण बोट दाखवायची घाई नको, आधी फोटो आणि मापं.

ढोलीचं माप विसरू नकोस. तोंडाची उंची-रुंदी, आतली खोली, जमिनीपासून किती वर होती. कोकणात धनेश पक्ष्याला घरट्यासाठी असाच जुनाट, पोकळ बेहडा लागतो. तरण्या बेहड्याला तेवढी ढोली पडायला किती तरी वर्षं जावी लागतात. या ढोलीतली धनेशाची जोडी येत्या जानेवारीत कुठे जाते यावर लक्ष ठेव. तेही याच पानावर लिहायचं.

बुंध्याच्या आसपास गेल्या हिवाळ्यातल्या फळांची रोपं उगवली असतील. आता वरून ऊन आलंय, रान माजेल आणि ती दडपून जातील. दहा-बारा रोपांभोवती काठ्या रोवून खुणा कर.

लाकडाचं मात्र लगेच बघायला हवं. देवरहाटीतलं लाकूड देवाच्या कामाखेरीज कुणी नेत नाही, तेही कौल लावून, हे मला ठाऊक आहे. पण पऱ्हा तुंबला म्हणून कुणीतरी करवत आणेलच. गुरवकाकांना आणि मानकऱ्यांना आजच भेट. सांग, आमची मापं होईपर्यंत हात लावू नका, आणि बुंध्याची एक चकती शाळेसाठी मिळेल का ते विचार. त्यांनी नाही म्हटलं तर आग्रह करू नकोस.

वहीतल्या त्या पानावर खाली तारीख घाल, "पडला" एवढं लिही, आणि पुढची दोन पानं कोरी सोड. रविवारी सकाळच्या एस.टी.ने कुंभार्ली घाट उतरून येतो. माझी टेप वीस मीटरचीच आहे, शाळेतली तीस मीटरची मिळाली तर मागून ठेव.

तुझे सर