यूएक्समध्ये सीनियर झाले, पण लीडच्या बढतीत नाव मागे का राहतं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका फिनटेक (आर्थिक सेवांची अॅप्स बनवणाऱ्या) कंपनीत सात वर्षं यूएक्स डिझायनर, म्हणजे अॅप वापरायला सोपं करण्याचं काम, त्यातली चार सीनियर म्हणून. कामाचं कौतुक होतं, पण लीडच्या (टीमप्रमुखाच्या) बढतीत दोनदा नाव आलं नाही. आता गरोदरपणाचा चौथा महिना चालू आहे. काय करावं, आणि नोकरी बदलावी का?

तुमच्या कामात खोट आहे असं मला वाटत नाही. ते मोजलेलं आणि मांडलेलं नाही, ही शक्यता जास्त आहे. सीनियरपर्यंत स्क्रीन्स नेटक्या, वेळेत दिल्या की पुरतं. त्यापुढे एकच विचारलं जातं: निर्णय कोणता तुमचा होता, आणि त्याने कंपनीचा कुठला आकडा हलला?

बढती ज्या बैठकीत ठरते तिथे तुम्ही नसता. तुमचा मॅनेजर बोलतो, तेही काही मिनिटं, आणि समोर इतर मॅनेजर आपापली नावं घेऊन बसलेले असतात. त्याच्या हातात काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून एचआरकडून लेव्हलनिहाय अपेक्षांचं कागदपत्र मागून घ्या आणि एका पानाचं टिपण स्वतः लिहून द्या. तीनच कामं घ्या. प्रत्येकात अडचण काय होती, आधीचा आकडा, तुमचा निर्णय, कोणता पर्याय का नाकारला, नंतरचा आकडा. नाकारलेला पर्याय बहुतेक जण लिहीत नाहीत, पण लीडची समज तिथेच दिसते. ‘टीमने फ्लो सुधारला’ असं लिहिलंत तर त्याचं श्रेय टीममधल्या सगळ्यात मोठ्या आवाजाला जातं.

आकड्यांपाशी हमखास चूक होते ती अशी, की रिलीज झाल्यावर फरक दाखवायचा असतो आणि आधीची नोंदच नसते. स्प्रिंट (कामाचा ठरावीक आठवड्यांचा टप्पा) सुरू होण्याआधी डेव्हलपरकडून इव्हेंट, म्हणजे वापरकर्त्याच्या प्रत्येक कृतीची आपोआप नोंद, लावून घ्या: फॉर्म उघडला, प्रत्येक रकाना भरला, एरर कुठला आला, फॉर्म पूर्ण झाला. नवं डिझाइन जाण्याआधी किमान दोन आठवडे जुन्याचा डेटा गोळा होऊ द्या. समजा, केवायसी १०,००० जणांनी सुरू केलं आणि ६,२०० जणांनी संपवलं. बदलानंतर तो आकडा ६,८०० झाला. तितक्याच जणांत ६२ टक्क्यांवरून ६८ टक्के: ही वाढ ६ टक्के नव्हे, ६ टक्केबिंदूंची आहे. मुळाच्या तुलनेत जवळपास ९.७ टक्के. फायनान्सच्या माणसासमोर हा फरक चुकला की पुढच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. त्याच काळात जाहिरातीची मोहीम किंवा ऑफर चालू होती का, तेही लिहा. शक्य असेल तिथे ए-बी चाचणीच करा, म्हणजे एकाच वेळी काहींना जुनं आणि काहींना नवं डिझाइन दाखवा.

पाच जणांना अॅप वापरायला देऊन घेतलेल्या चाचणीतून टक्केवारी काढू नका. नील्सन आणि लँडॉअर या संशोधकांच्या १९९३ च्या मॉडेलप्रमाणे एकेका वापरकर्त्याला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. हे अडचणी शोधण्यासाठी उत्तम आहे. पण पाचांपैकी चौघांना काम जमलं म्हणून ‘८० टक्के यश’ लिहिलंत, तर खरा आकडा साधारण ३६ ते ९८ टक्क्यांत कुठेही असू शकतो. वापरणाऱ्यांचं समाधान मोजायला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) वापरा. १९८६ साली जॉन ब्रूक यांनी केलेली ही १० विधानांची प्रश्नावली आहे. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण; विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा, आणि बेरजेला २.५ ने गुणायचं. सरासरी ६८ मानतात. हा गुणांक आहे, टक्केवारी नाही.

आता जे बायकांच्या वाट्याला जास्त येतं त्याबद्दल. मीटिंगच्या नोट्स, इंटर्नना रुळवणं, डिझाइन वीकचं आयोजन, फाइल्स नीट लावणं. यातलं एकही काम फालतू नाही, पण बढतीच्या कागदावर त्याला रकाना नसतो. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये हेच तपासलं होतं: मिश्र गटात असं काम स्त्रिया जास्त उचलतात, पण गटात फक्त पुरुष असले की तेही पुढे येतात. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही. तो इतरांच्या अपेक्षेचा आहे, आणि मला ही गोष्ट अतिशय महत्त्वाची वाटते, कारण मग उपाय स्वतःला बदलण्यात नसतो. नोट्सची पाळी लावून घ्या आणि ती कॅलेंडरवर टाका. इंटर्नची जबाबदारी घ्यायचीच असेल तर ‘मेंटॉर’ म्हणून लेखी घ्या: सहा महिन्यांचं ध्येय, शेवटी मूल्यमापन, आणि नेमणुकीच्या मुलाखतींत तुमची जागा. तेच काम मग लोक सांभाळल्याचा पुरावा ठरतं. ‘सध्या लीडचं काम बघा, पद नंतर पाहू’ असं कोणी म्हणालं तर मुदत आणि निकष ईमेलवर मागा.

एखादं क्षेत्र तुमच्या नावाशी जोडलं गेलं तर फार फरक पडतो. फिनटेकमध्ये ते सुगम्यतेचं, म्हणजे अपंग व्यक्तींनाही अॅप वापरता येण्याचं, असू शकतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि अंध व अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना डिजिटल केवायसी जमेल असे बदल करायला सांगितले. डोळे मिचकावून दाखवा ही अट ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत त्यांना दाराबाहेर ठेवते. हे काम कायद्याचं, इंजिनिअरिंगचं आणि डिझाइनचं एकत्र आहे, म्हणून ते चालवणारी व्यक्ती आपोआप तीन विभागांना माहीत होते. सुरुवात डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांपासून करा: साध्या मजकुराला ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक), मोठ्या मजकुराला ३:१, टॅप करायची जागा किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल. बोटांसाठी मी ४४ सुचवेन.

मराठी येते हेही कामाला लावा. इंग्रजीवर बेतलेल्या १.२ ओळउंचीत वेलांट्या, रफार आणि खालचे उकार कापले जातात, १.५ पासून सुरू करून खऱ्या फोनवर पाहा. एकाच मापात देवनागरी बारीक दिसते, म्हणून एक-दोन पिक्सेल वाढवा. पानाच्या कोडमध्ये भाषा ‘एमआर’ (मराठीचा संकेत) अशी घोषित केली नाही, तर मराठी वळण देणाऱ्या फाँटमध्येही ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

प्रसूती रजेचं नियोजन आत्ताच करा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. प्रसूतीआधी त्यातले जास्तीत जास्त आठ घेता येतात. २०१७ च्या दुरुस्तीतली ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. रजेच्या काळात काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्यात बदलणं बेकायदा आहे. कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. प्रत्यक्षात नुकसान वेगळ्या वाटेने होतं: मूल्यांकन रजेच्या मध्यात येतं आणि तुमच्या बाजूने बोलायला कागद नसतो. म्हणून जाण्याआधी सहा आठवडे टिपण आणि स्वमूल्यमापन जमा करा, रेटिंग काम केलेल्या महिन्यांवरच होईल हे लेखी घ्या, आणि हस्तांतराच्या कागदावर प्रत्येक प्रकल्पापुढे ‘तात्पुरता जबाबदार’ आणि परत येण्याची तारीख लिहा. ‘तात्पुरता’ हा शब्द गाळलात तर प्रकल्प परत मिळत नाही.

नोकरी मात्र या महिन्यांत बदलू नका. प्रसूती लाभासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं लागतं. चौथ्या महिन्यात साधारण साडेपाच महिने उरतात. त्यातून मुलाखतींचा महिना आणि ६० ते ९० दिवसांचा नोटिस काळ वजा केला तर नव्या ठिकाणी ८० दिवस भरणं अवघड आहे. पोर्टफोलिओचे दोन-तीन प्रकल्प मात्र आत्ताच लिहून ठेवा, आकडे हाताशी आहेत तोवर. गोपनीय आकडे देऊ नका, त्याऐवजी बदलाचं प्रमाण लिहा. कामावर परतल्यावरच्या पहिल्या बढतीतही नाव आलं नाही, तर त्याच टिपणावर बाहेर थेट लीडच्या पदासाठी अर्ज करा, सीनियरच्या नव्हे.