आधी म्हशी हलव, आबा मागनं येतील

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आई-आबा दोघंच गावाकडं, सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या खालच्या अंगाला कृष्णा नदीपासून अर्ध्या किलोमीटरवर घर, दोन म्हशी आणि एक रेडी, तू पुण्यात. सांगलीच्या आयर्विन पुलाला आज सकाळी 31 फूट पाणी, कोयनेतनं विसर्ग वाढणार म्हणून मेसेज फिरतोय आणि आबा म्हणतायत की 2019 ला पाणी दुसऱ्या पायरीला टेकून माघारी गेलं, आता कुठलं घरात येतंय. आणि तू विचारतोयस की किती फुटाला त्यांना बाहेर काढू. माझं गाव पण त्याच पट्ट्यातलं, 2005, 2019, 2021 तिन्ही पूर गावात राहून बघितलेत, त्यामुळं जरा लांबडं लिहितोय, पण वाचून झाल्यावर लगेच फोन कर.

पहिली गोष्ट, फुटाचा आकडा धरून बसू नकोस. 40 फूट इशारा आणि 45 फूट धोका हे सांगलीच्या आयर्विन पुलाचे आकडे आहेत, तुझ्या गावाच्या रस्त्याचे नव्हेत. आपल्याकडं घरात पाणी यायच्या कितीतरी आधी रस्ता जातो. गाव आणि मेन रोड यांच्यामधे जो ओढा आहे ना, एरवी त्यात गुडघाभर पण पाणी नसतं, नदी फुगली की तो उलटा भरायला लागतो. नदीचं पाणी ओढ्यातनं मागं शिरतं, ओढ्यावरचा ठेंगणा फरशी पूल बुडतो आणि गावाचं बेट होतं. त्या वेळी गावात ऊन पडलेलं असतं, घरं कोरडी, माणसं पारावर बसून नदीकडं बघत असतात आणि पाठीमागनं रस्ता गेलेला असतो. वाळव्याच्या शिरगावचं तर मोठ्या पुरात दरवेळी हेच होतं. म्हणून आबांना "पाणी कुठवर आलंय" विचारूच नकोस, "फरशीच्या खाली अजून किती हात मोकळं हाय" हे विचार. फरशीला तीन हात उरले की त्याच दिवशी उजेडात निघायचं, हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो 2019 नंतर केला.

आता आबांच्या पायरीबद्दल. हे तुला मनापासून सांगतो कारण आम्ही ह्याच पायरीनं फसलो. 2005 ला आयर्विनला जवळपास 54 फूट पाणी झालं, आमच्या गोठ्याच्या दारात आलं आणि थांबलं. वडिलांनी भिंतीवर खिळा मारून ठेवला होता, पुढची चौदा वर्षं तो खिळा म्हणजे आमच्या घरचा कायदा, ह्याच्यावर पाणी येत नाही. 2019 च्या ऑगस्टमधे सगळं गाव असंच बोलत होतं, अमक्याच्या ओट्याला लागलं होतं, तमक्याच्या चुलीपर्यंत आलं होतं, त्याच्यावर कुठं येतंय. आम्ही खिळ्याच्या वर दोन हात लाकडी मांडणी करून ज्वारीची पोती, अंथरुणं, पोरांची दप्तरं सगळं रचलं आणि आमच्या मनानं मोकळे झालो. त्या वर्षी आयर्विनला 57 फुटांच्या पुढं गेलं. म्हणजे साडेतीन फूट जास्त, ऐकायला काही वाटत नाही, पण आपला भाग ताटासारखा सपाट आहे, इथं साडेतीन फूट म्हणजे आणखी एक अख्खी आळी. रात्री अडीच वाजता मांडणी तरंगायला लागली. म्हशींची दावी मी स्वतः विळ्यानं कापली, त्या पोहत गेल्या, एक म्हैस पाचव्या दिवशी पलीकडच्या उसात उभी सापडली, दुसरी आणि रेडकू नाही सापडलं. आईनं त्यानंतर दोन वर्षं म्हैस घेऊ दिली नाही. आबांना हे वाचून दाखवलंस तरी चालेल.

मागच्या पुराची खूण फक्त मागचा पूर सांगते, कारण पाऊस दरवर्षी वेगळ्या ठिकाणी पडतो. लोकांचं सगळं लक्ष कोयनेच्या दारांवर असतं, धरण 105 टीएमसीचं, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचं आहे त्यामुळं ते बरोबरच आहे, पण धरणाच्या खाली जो पाऊस पडतो तो कुठल्याच दारानं अडत नाही, तो थेट नदीत. 2021 च्या 22 जुलैला असा पाऊस झाला की पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आले आणि माणसं गाडली गेली. त्या वेळी आपल्याकडं पाणी 2019 पेक्षा भराभर चढलं. 2019 ला हळूहळू चढत होतं म्हणून 2021 ला पण वेळ मिळेल असं धरून बसलेल्यांची धांदल उडाली.

आकडे बघायचेच असले तर आयर्विन सगळ्यात शेवटी बघ. तुमच्यासाठी कराडचा कृष्णा पूल, मग बहे, मग ताकारी, मग भिलवडी, ह्या ओळीनं बघायचं, वर वाढलं की ते खाली येणारच. प्रत्येक पुलाचं माप वेगळं असतं, भिलवडीचे फूट आणि आयर्विनचे फूट एकमेकांशी लावत बसू नकोस, फक्त वाढतंय का आणि तासाला किती वाढतंय एवढंच बघायचं. कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला साधारण एक दिवस तरी लागतो, म्हणजे आज संध्याकाळी विसर्ग वाढला तर तुमच्याकडं त्याचा दणका उद्या. खाली हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, त्या दोन्ही फुगलेल्या असतील तर आपलं पाणी पुढं सरकत नाही, तुंबून राहतं, मग पाऊस थांबला तरी उतार लवकर पडत नाही. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाबद्दल ग्रुपवर भांडणं चालू असतील, ती नंतर वाचायची. आणि घरच्या घरी एक करायचं, ओढ्याच्या काठाला काठी रोवून दर तासाला खूण करायची. बोटात मोजायचं. तासाला दोन बोटं चढत असेल तर एक गोष्ट आणि चार बोटं असेल तर मग चहाला पण थांबायचं नाही.

आता आबा का हलत नाहीत. तू त्यांना "पुण्याला चला" म्हणतोयस ना, तिथंच चुकतंय. पुण्याला जायचं म्हणजे जनावरं कुणाच्या जिवावर सोडायची हा त्यांचा प्रश्न आहे आणि तो त्यांनी तुला बोलून दाखवलेला नाही, पायरीचं निमित्त सांगितलंय. आमच्या गावात 2019 ला जी माणसं शेवटपर्यंत अडकली त्यातली कितीतरी दारातल्या जित्राबांपायी अडकली. त्यामुळं आबांचं नावच काढू नकोस. म्हण, आबा, म्हशी तेवढ्या माळावर नेऊन बांधू, तुम्ही थांबा घरी. कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडीकडं वर कुणी पाव्हणा असेलच, त्यांना आत्ता फोन लाव आणि टेम्पो पण आत्ताच ठरव, कारण 38 फुटाला टेम्पोवाले मिळत नाहीत, मिळाले तर मागतील ते द्यावं लागतं. म्हशी गेल्या की संध्याकाळी धारेला आबा जाणारच, एका वेळेची धार चुकली तर सड सुजतात हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि आई एकटी घरी कशी राहील, म्हणून ती पण. माझे वडील ह्याच वाटेनं बाहेर पडले 2021 ला, त्याआधी मी त्यांच्याशी तीन दिवस नुसता वाद घातला होता.

म्हशींबरोबर आठ-दहा दिवसांची वाळकी वैरण आणि पेंडीचं पोतं जाऊ दे, माळावर ओली वैरण मिळत नाही आणि पुरातनं निघालेला ऊस जनावराला घालू नका, गाळानं पोट बिघडतं. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर मागव, उद्या काही बरंवाईट झालं तर पंचनाम्याला लागतो. म्हशींना घटसर्पाची लस टोचलीय का तेही विचार.

घरातलं सगळं वाचवायला बसू नका. सातबारा, आधार, रेशन कार्ड, पासबुकं दोन पिशव्यांत घालून, आईचं सोनं, आबांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या. सिलिंडर काढून बांधून ठेवायचा, नाहीतर तरंगत जातो. वरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवायची, रिकामी टाकी पाणी उचलून नेतं. मेन स्विच बंद. नदीवरची मोटर काढली का विचार, नसेल काढली तर आता सोडून द्या, त्या मोटरीसाठी कुणी काठाला जायचं नाही. शेजारी कुणी गरोदर बाई, डायलिसिसचा पेशंट, अंथरुणावरचं म्हातारं माणूस असेल तर ते तुमच्याच टेम्पोत पहिल्यांदा बसव.

आणि बोटीच्या भरवशावर तर अजिबात राहायचं नाही. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला काय झालं ते आबांना आठवत असेल, येरळा आणि कृष्णा मिळते तिथलं गाव, बोटीत बसतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली आणि उलटली, 17 जण गेले, त्यात बायका होत्या, लेकरं होती. ती माणसं पूर बघायला गेली नव्हती, घरनं निघून सुरक्षित जागी चालली होती. आमच्याकडं गूळ शिजवायच्या मोठ्या काहिलीत बसून पण माणसं निघालीत, मीही बसलोय, पण ती वेळ येऊच द्यायची नाही. कधी बसावंच लागलं तर जॅकेट नसताना बसायचं नाही, भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबायचं, आणि रात्री नाही.

पाणी उतरल्यावरचं पण आत्ताच सांगून ठेवतो कारण तेव्हा घाई होते. उतरल्याबरोबर घरात शिरायचं नाही. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या असतात तोवर टिकतात, पाणी निघून गेलं की बसतात, आमच्या आळीतली चार घरं पूर उतरल्यावर पडली. आधी बाहेरनं बघायचं, काठीनं आवाज करत जायचं, घोणस आणि नाग गोठ्यात, चुलीत, अंथरुणाच्या ढिगात असतात. गाळ ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की दगड होतो, पण काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो. गाळात अनवाणी काम नको, लेप्टोचा ताप येतो, आरोग्य केंद्रातनं गोळ्या देतात त्या आबांना घ्यायला लाव. विहिरीचं, आडाचं पाणी ब्लिचिंग टाकून उपसल्याशिवाय प्यायचं नाही. आणि उसाकडं बघून आबांना लगेच नांगर घालू देऊ नकोस, पंचनामा होऊ दे, शेंड्यात गाळ बसलेला असेल तर तो ऊस गेलाच, बाजूनं पांगशा म्हणजे नवे कोंब फुटतील, पण शेंडा पाण्याच्या वर राहिला असेल तर बऱ्याचदा निघतो.

पाव्हण्यांकडं सोय होत नसेल तर मेसेज टाक. माझं माळावर पत्र्याचं शेड आहे, यंदा आमची एकच म्हैस तिथं आहे, तीन जनावरांची जागा निघेल, वैरण कमी पडली तर माझी आहे, शेजारच्या खोलीत आई-आबांचं अंथरूण पडेल. चुलत भाऊ टेम्पो चालवतो, त्याला मी दुपारपर्यंत थांबायला सांगितलंय. फरशीला किती हात उरलेत तेवढं आबांना विचारून मला कळव.