‘पदक पटकावले’ की ‘पदक मिळाले’?

समुद्रात संकटात सापडलेल्यांचे प्राण वाचवणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्याविषयी लिहिताना ‘शौर्यपदक पटकावले’ असे म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये. ‘पटकावणे’ या क्रियापदात दुसऱ्याच्या आधी झडप घालून एखादी गोष्ट घेण्याचा भाव आहे. गाडीत खिडकीची जागा पटकावतात, मल्ल गदा पटकावतो, नौकास्पर्धेतला संघ चषक पटकावतो. या प्रत्येक ठिकाणी त्याच वस्तूवर डोळा ठेवून बसलेला आणि ती न मिळालेला आणखी कोणीतरी असतो.

आता ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाच्या कप्तान राधिका मेनन यांचे उदाहरण पाहू. जून २०१५ मध्ये ओडिशातील गोपाळपूरच्या किनाऱ्यासमोर ‘दुर्गम्मा’ ही मासेमारी नौका इंजिन बंद पडून आणि नांगरही गमावून भरकटत होती. अन्नपाणी वाहून गेल्यामुळे तिच्यावरचे सात जण साठवणीतल्या बर्फावर तग धरून होते. जहाजाच्या सेकंड ऑफिसरला ती अडीच किलोमीटरवरून दिसली आणि २५ फुटांहून उंच लाटा उसळत असताना, ६० नॉटहून (ताशी सुमारे ११० किलोमीटरहून) अधिक वेगाच्या वाऱ्यात, मेनन यांनी पायलटची शिडी (बंदराच्या वाटाड्याला जहाजावर चढण्यासाठी बाहेरून सोडतात ती दोरशिडी) सोडायला लावून तीन प्रयत्नांत सातही जणांना वर घेतले. या कामगिरीसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१६ मध्ये लंडनला त्यांना असामान्य शौर्याचे पदक दिले; हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत.

या हकिकतीत कप्तानाचे कर्तेपण ‘शिडी सोडली’, ‘वर घेतले’ या क्रियापदांत आहे. पदकापाशी मात्र कर्ती संघटना आहे आणि ‘मेनन यांना’ ही चतुर्थी आहे, म्हणून ‘मेनन यांना पदक मिळाले’ हे साधे वाक्यच मला सर्वांत नेमके वाटते. पदक हा मुळात माळेच्या मधोमध छातीवर रुळणारा दागिना, आणि गौरवाचा दागिना दुसऱ्याने आपल्या गळ्यात घालायचा असतो, हेही येथे लक्षात घ्यावे.

देणाऱ्याच्या बाजूने लिहायचे झाल्यास ‘प्रदान केले’ योग्य. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्यांसाठीही असलेल्या आपल्याकडच्या ‘जीवन रक्षा पदका’च्या बातम्यांत हेच क्रियापद शोभते. ‘बहाल केले’ मी टाळतो. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘पूर्वीच्या स्थितीत कायम’ असा. काढून घेतलेले वतन बहाल होई. आज त्याचा अर्थ नुसते ‘देणे’ एवढाच उरला असला, तरी धन्याच्या मर्जीचा वास त्याला अजून येतो. ‘पदकाने सन्मानित’ चुकीचे नाही, परंतु ‘पदक देऊन गौरव केला’ ही घडण मराठीच्या अधिक अंगवळणी पडलेली आहे.