गाडीला रबिंग, पॉलिश आणि वॅक्स हे तिन्ही करायलाच हवं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गडद निळी गाडी, वय सहा वर्षं, उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. अ‍ॅक्सेसरीजचा दुकानदार म्हणतो आधी रबिंग, मग पॉलिश, मग वॅक्स, पॅकेज घ्या. आणि घरात 'क्लीनर वॅक्स' लिहिलेली एक बाटली पडून आहे. पावसाळ्याआधी नेमकं काय करावं?

तिन्ही दरवेळी करायची गरज नसते. रबिंग म्हणजे कंपाउंड, ते जास्त घासतं. पॉलिश कमी घासतं. वॅक्स घासत नाही, वर बसतं. म्हणजे पहिली दोन रंगातून काहीतरी काढून नेतात आणि तिसरं त्यावर झाकण घालतं. नेतात ते काय, तर रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट. तो साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. झेरॉक्सचा साधा कागद 100 मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही तो बहुधा पातळच. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवण्याचं कामही तोच करतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला 'रबिंग मारून देतो' म्हणणाऱ्याला मी तरी हात जोडतो.

आधी गाडी धुवा, सावलीत, पत्रा गार असताना, कार शाम्पूने. भांड्यांचा साबण जुनं वॅक्स बऱ्यापैकी काढून टाकतो, त्यामुळे एरवी तो वापरू नये, पण पॉलिश करायच्या दिवशी त्याने फारसं बिघडत नाही. बादल्या दोन ठेवा, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे किंवा सिमेंटचे कण रंगात रुतलेले आहेत. क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, त्यासाठी असतो. भरपूर शाम्पूचं पाणी शिंपडत, न दाबता फिरवायचा. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, पुन्हा गाडीला लावायचा नाही. हे न करता थेट पॉलिश केलं तर तेच कण पॅडखाली घासत राहतात.

आता रेघा. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बॉनेटजवळ धरून हळूहळू सरकवा. रेघांची वर्तुळं टॉर्चच्या मागोमाग सरकतील. खरं तर त्या गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेल्या बारीक चऱ्यांपैकी प्रकाशाला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल भासतात. मग एकेका वेगळ्या दिसणाऱ्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने जाणार नाही, तिथे टचअप किंवा पेंटिंग. नख अडकत नाही ते पॉलिशचं गिऱ्हाईक.

इथे दुकानदाराचा क्रम मी उलटा करतो. सौम्य पॉलिशने सुरुवात करा. दीड-दोन फुटांचा एकच चौकोन घ्या, पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब, आडवे-उभे हात. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा टॉर्च धरा. हे पुसणं टाळू नका. कित्येक पॉलिशमध्ये तेल आणि भराव असतो, तो रेघा बुजवतो. गाडी दुकानातून बाहेर पडताना चकाचक दिसते आणि चार धुण्यांनंतर सगळं परत वर येतं, ते यामुळेच. अल्कोहोलनंतरही चौकोन समाधानकारक दिसला तर सगळी गाडी त्याच सौम्य पॉलिशने करा. नाहीच दिसला तर आणि तरच त्या चौकोनावर कंपाउंड, नंतर पुन्हा सौम्य पॉलिश, कारण कंपाउंड स्वतःची धूसर छटा मागे ठेवतं. निळ्या-काळ्या रंगावर ती लगेच दिसते. पॅडवर निळा रंग उतरू लागला तर थांबा. त्या जागी क्लिअर कोट संपलाय किंवा मुळात नव्हताच.

हाताने केलं तर हलका धूसरपणा जाईल, जाळं पूर्ण जाणार नाही. मशिन घेणार असाल तर डीए (ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता डुलणारा) पॉलिशर घ्या, नवख्याच्या हातात तो त्यामानाने सुरक्षित. गॅरेजमधलं जोरात गरगरणारं रोटरी एकाच जागी रेंगाळलं तर रंग जाळतं. बॉनेटच्या कडा आणि पत्र्याच्या घड्यांवर रंग पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावा.

तुमची क्लीनर वॅक्सची बाटली? तिच्यात थोडं घासणारं आणि थोडं वॅक्स एकत्र असतं. फार खराब नसलेल्या गाडीला ती एकटीच पुरते, आणि वेळ कमी असेल तर मी तीच सुचवीन. पण रीतसर पॉलिश केल्यावर ती वर लावण्यात अर्थ नाही, तिथे साधं वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम रसायनांचा संरक्षक थर) हवं. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या एका ताडाच्या जातीतल्या झाडाच्या पानांपासून येतं. चमक झकास, पण आपल्या उन्हात काही आठवड्यांचा खेळ. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतो, म्हणून पावसाळ्यासाठी माझं मत सीलंटला. दोन्ही हवीत तर सीलंट आधी, वॅक्स नंतर. थर इतका पातळ लावा की जेमतेम दिसेल. वाळलं का बघायला बोटाने एक रेघ ओढा: बोटाखालची जागा स्वच्छ चमकली तर पुसायला घ्या, चिकट ओघळ उठला तर थांबा. काळ्या प्लास्टिकला वॅक्स लागू देऊ नका, पांढरे डाग धरतं आणि ते काढताना जीव जातो.

मे महिन्यात सकाळी लवकर, पत्रा तापायच्या आत करा. बंपर वगैरे नुकताच रंगवून घेतला असेल तर तेवढा भाग वगळा, नव्या रंगाला सुकायला महिना-दोन महिने देतात.

आणि सोसायटीत गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत आठ गाड्या उरकत असतील, किंवा रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकत असतील, तर त्यांच्याशी आधी बोला. तुमच्या रेघा बहुतेक तिथूनच येताहेत. त्यांना दोन मायक्रोफायबर कापडं घेऊन द्या आणि कोरडं पुसू नका, पाणी नसेल त्या दिवशी राहू द्या, असं सांगा. आमच्या इथल्या दादांनी हे आनंदाने मान्य केलं, त्यांचंही काम कमी झालं. पाणी बोअरचं असेल तर धुतल्यावर लगेच टिपून घ्या, क्षाराचे पांढरे ठिपके निळ्या रंगावर फार उठून दिसतात.