अनुदानावर विसंबून केंद्र काढू नका

ताई, नाशिकमध्ये बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी दिवसभराचं केंद्र काढताय, तर सरकारी अनुदान धरून बजेट आखू नका. आलंच तर बोनस समजा. पैसा खाते ती ने-आण करणारी गाडी. पंचवटी ते सातपूर सगळ्यांना आणायचा हट्ट सोडा, एकाच भागातले आठ-दहा जण घ्या.

तिशीच्या माणसाकडून बालगीतं म्हणवून घेऊ नका (पालकांनाच ती आवडतात!). चहा करू दे. दूध उतू जाईल, ओटाही त्यालाच पुसू दे.

पहिल्याच महिन्यात:
- सगळ्यांचं यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र), निरामय विमा (दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा). १ लाखापर्यंत संरक्षण, थेरपीचा खर्चही त्यात बसतो.
- १२ए (संस्थेला आयकरात सूट), ८०जी (देणगीदाराला करसवलत), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठी) नोंदणी. त्याशिवाय अंबडच्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी जाऊ नका.

काटकसर करताना मदतनीस मावशींना मात्र कमी करू नका.